दुधी काच

...आणि साबणानं साबण धुता येत नाही, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं, तेही कुणाकडून, तर साडूकडून! तुम्हाला सांगतो, माणसाला अक्कल शिकवायला वाटेल तो येवो, पण साडू नको.

झालं काय, आमच्या घरात बाथरूम एकच. मधे काच. काचेच्या पलीकडे अंघोळ, अलीकडे बेसिन. जुनंच घर घेतलेलं, तेव्हापासून काच दुधी. आम्ही म्हटलं, वा, आधीचा मालक हौशी दिसतो! अकरा वर्षं पलीकडे एक अंघोळ करतोय, अलीकडे दुसरा दात घासतोय, कुणाला कुणाचं काही दिसत नाही, संसार सुरळीत. आणि मागच्या खेपेला माझी थोरली मेहुणी आली, तिनं हात धुतले, सहज काचेवर नख ओढलं... नखात पांढरं! "अगं, ही काच दुधी नाही गं, मळकी आहे!"

संपलं! मळकी! सख्ख्या बहिणीच्या घराला! पाहुणे गेल्यावर बायको अक्षरशः रडली हो. "अहो, ताई पुन्हा यायच्या आत ही काच लख्ख झाली नाही, तर मी तिला तोंड दाखवायची नाही." मला वाईट वाटलं. वाटणारच ना?

मग काय, कंबर कसली. साबणाची वडी, जुना टूथब्रश, रोज अर्धा तास घासतोय. आणि थर? वाढतोय! शेवटी झक मारत साडूला फोन केला. साडू साबणाच्या कारखान्यात केमिस्ट. त्याला तेवढंच हवं होतं!

"थांबा, साडूभाऊ, थांबा! तुमचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम साबणाला चिकटतं, त्याचाच तो थर. तुम्ही वर आणखी साबण घासताय? म्हणजे थराला खुराक!" म्हटलं, मग करू काय? "दोन गोष्टी लागतात. एक चिलेटिंग एजंट. तो खेकड्यासारखा, कॅल्शियमला नांगीत धरून ओढून काढतो. दुसरा सरफॅक्टंट. त्याचं एक टोक चिकटपणाला धरतं, दुसरं पाण्याला. उरलेली घाण उचलतो आणि पाण्याबरोबर चालता होतो." म्हटलं, आणि मी? मी काय करायचं? "तुम्ही फवारा मारायचा आणि दहा मिनिटं काहीही करायचं नाही."

बाटली आली. फवारा मारला. आता तुम्ही सांगा, बायको दारात उभी, "झालं का? झालं का?" अशात दहा मिनिटं काहीही न करणं जमतं का? दुसऱ्याच मिनिटाला पुसून टाकलं. थर जागच्या जागी! पुन्हा फोन. "थांबा म्हटलं होतं ना, साडूभाऊ? खेकड्याला नांगी तरी उघडू द्या!"

दुसऱ्यांदा घड्याळ घेऊन स्टुलावर बसलो. बरोब्बर दहा मिनिटं. स्पंज फिरवला, पाणी ओतलं आणि... अहो, पलीकडच्या बादलीची चीर दिसायला लागली! काच आहे की नाही, हात लावून बघावं लागत होतं. बायको पुन्हा रडली, पण आनंदानं.

मेहुणी आली, साडूही आला. मेहुणी काचेसमोर उभी. नख ओढलं. काही नाही! दुसरं ओढलं. काही नाही! बायकोची मान अशी ताठ. मग मेहुणी टॉवेल घेऊन आत गेली आणि तशीच बाहेर आली. "अगं, पण मी अंघोळ करताना कुणी दात घासायला आलं तर?"

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे बाथरूमसमोर रांग लागली. रोज लागते. मी म्हटलं, पडदा लावू या. बायको म्हणाली, "खबरदार! ताईला वाटेल, काच मळली म्हणून झाकली!"

म्हणजे झालं! रांगेत माझ्यामागे साडू, तोंडात ब्रश. म्हटलं, अहो केमिस्ट, आता यावर काही उपाय? शांतपणे ब्रश काढला तोंडातून. "सोपा आहे. तोच साबण, तेच पाणी. थर आपोआप येईल." किती दिवसांत? "तीनेक वर्षं तरी लागतील. पण थांबा, साडूभाऊ, थांबा... मधे पुसू नका!"