गुंडीची नळी

...आणि वर मलाच विचारतात, 'पाणी कोमटच होतं ना?' म्हणजे बघा, अगदी सुरुवातीची गोष्ट, सकाळचे आठ वाजलेत, मी अजून चहासुद्धा घेतलेला नाही, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं साडेपाच किलोचं मांजर आहे, एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात मांजराच्या मानेतून बाहेर आलेली नळी, नळीचं टोपण दातात धरलेलं, आणि सासूबाई दाराआडून विचारतायत, पाणी कोमटच होतं ना? आता दातात टोपण असलेल्या माणसानं काय उत्तर द्यावं? मी आपलं 'हं' केलं. तर म्हणाल्या, 'हं म्हणजे हो, की हं म्हणजे विसरलो?' तुम्हाला सांगतो, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे हो. मांजरं नाही. तीस वर्षं खालच्या गाळ्यात डोळ्याला भिंग लावून बसतोय, लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडतोय, पुसतोय, चालू करतोय, पण आजवर एकाही घड्याळानं माझ्याकडे या नजरेनं बघितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मांजराच्या मानेत नळी कशाला? सांगतो ना. माझे सासरे गेले चार महिन्यांपूर्वी. सासूबाई तिकडे एकट्या, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही त्यांना इकडे आणलं. आणलं म्हणजे, बायकोनं मला विचारलं, 'आईला आणूया ना?' आणि मी 'हो' म्हणेपर्यंत ट्रंक जिन्यात पोचली होती. ट्रंकेमागून एक टोपली. टोपलीत गुंडी. सासऱ्यांचं मांजर. इवलीशी होती तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात गुंडी होऊन झोपायची म्हणून गुंडी. आता नाव गुंडी आणि आकार उशीचा. टोपलीचं झाकण उघडलं, तिनं आमचं घर एकदा बघितलं, मला एकदा बघितलं, आणि सरळ कपाटाखाली गेली ती गेलीच.

पहिल्या दिवशी खाल्लं नाही. म्हटलं, नवीन जागा आहे. दुसऱ्या दिवशी नाही. म्हटलं, रुसलीय. तिसऱ्या दिवशी बायको पोटावर झोपून कपाटाखाली वाटी सरकवतेय, सासूबाई खुर्चीत बसून 'गुंडे, ये गं, ये गं बाई' करतायत, आणि आतून काही नाही. नुसते दोन डोळे. आणि इकडे दुसरंच सुरू झालं. सासूबाईंच्या पुढ्यात ताट ठेवलं की त्या कपाटाकडे बघायच्या, दोन घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या. 'तिनं खाल्लं की मी खाईन.' अहो आई, ती मांजर आहे. 'असू दे. ती खात नाही, तर मला जात नाही.' झालं. म्हणजे घरात आता न खाणाऱ्या दोन. एक कपाटाखाली, एक कपाटासमोर. बायको सकाळी आठला शाळेत जाणार, चाळीस मुलांना गणित शिकवणार, आणि या दोघींना सांभाळणार कोण? ज्याचं दुकान घराखाली आहे तो.

सहाव्या दिवशी गुंडीचे कान आतून पिवळे दिसायला लागले. गेलो डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणजे एक मुलगी, माझ्या पुतणीच्या वयाची, पण काय धाक तिचा. गुंडीशी बोलताना, 'अगं, काय झालं तुला, दमलीस का तू?' आणि माझ्याशी बोलताना, 'पकडा नीट.' तिनं तपासलं, रक्त घेतलं, आणि समजावून सांगितलं, की मांजरानं असं दिवसच्या दिवस खाल्लं नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते, मग मळमळतं, मळमळतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून अजून बिघडतं. पोटात अन्न गेलं तरच ती वाचेल. ती आपणहून खाणार नाही. म्हणून मानेतून अन्ननलिकेत नळी घालायची, आणि दिवसातून चार वेळा, मिक्सरमधून काढलेलं, गाळलेलं, पातळ केलेलं खाणं सिरिंजनं हळूहळू द्यायचं. किती दिवस? 'काही आठवडे.' आणि मग तिनं विचारलं, 'घरी कोण करेल हे?'

तुम्हाला सांगतो, त्या खोलीत आम्ही तिघं होतो. बायको 'मानेला भोक' हे दोन शब्द ऐकल्यापासून भिंतीला टेकून पांढरी पडलेली. सासूबाई तर 'नळी' म्हटल्याबरोबर उठून बाहेर बाकावर जाऊन बसल्या, त्या आत यायलाच तयार नाहीत. उरलं कोण? डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. 'काय काम करता?' म्हटलं, घड्याळजी. तर तिचा चेहरा असा खुलला, जसं काही देवमाणूस भेटला. 'वा, म्हणजे हात स्थिर असणार तुमचा.' मी म्हटलं, मॅडम, मी घड्याळं दुरुस्त करतो, मांजरं नाही. ती म्हणाली, 'फार काही वेगळं नसतं.' फार काही वेगळं नसतं म्हणे. घड्याळ उघडताना घड्याळ ओरबाडतं का?

भूल देऊन नळी बसवली, गुंडीला घेऊन घरी आलो. पहिल्या दिवसाची गोष्ट ऐका. आधी थोडं कोमट पाणी सोडायचं, नळी मोकळी आहे ना ते बघायला. मग खाणं, पंधरा मिनिटं लावून, थेंब थेंब. मग परत पाणी. तिनं ओठ चाटले, लाळ गाळली की थांबायचं. सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. बसलो. टॉवेल गुंडाळला. सिरिंज लावली, दांडा दाबला, पुढे जाईना, अजून जरा दाबला, आणि फट्! सिरिंज नळीतून निसटली, सगळं खाणं माझ्या चष्म्यावर, भिंतीवरच्या कागदावर आणि थोडं छतावर. गुंडीच्या अंगावर एक थेंब नाही. ती शांत बसली होती. आतल्या खोलीतून सासूबाई, 'जावईबापू, गेलं का पोटात?' मी चष्मा काढला आणि म्हटलं, थोडं राहिलंय.

चूक कुठे होती, तर गाळण्यात. एक बारीक कण, तो जाऊन अडकतो. मग मी चहाची गाळणी घेतली. ती फारच उत्तम निघाली. तीन दिवस सगळं सुरळीत. चौथ्या दिवशी बायको चहा पिता पिता थांबली, कपाकडे बघितलं, गाळणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यावर मी इथे जास्त बोलत नाही.

आणि दुकान? दुकानाचं तर विचारू नका. बाराची वेळ, चारची वेळ, प्रत्येक वेळी शटर अर्धं ओढून वर पळायचं. मग म्हटलं, वर कशाला, हिलाच खाली आणू. तर गुंडी काउंटरवर, गळ्यात माझ्या मोज्याचा पट्टा, हो, मोज्याचं तोंड कापून तिला गळपट्टी केली, नळी त्यात खोचायला. समोर एक वकीलसाहेब आलेले, कोटबिट घालून, त्यांच्या वडिलांचं घड्याळ घेऊन. मी सिरिंज भरतोय. ते घड्याळ बघतायत, मांजर बघतायत, सिरिंज बघतायत. म्हणाले, 'तुम्ही... घड्याळं करता ना?' म्हटलं, करतो की. तेवढी नळी धरता का जरा? आणि तुम्हाला सांगतो, धरली त्यांनी. पंधरा मिनिटं धरली. जाताना घड्याळ द्यायचं विसरून गेले, दुसऱ्या दिवशी परत आले, बरोबर बाराच्या ठोक्याला. म्हणाले, 'आज कशी आहे?'

पण खरं सांगू का, एवढं सगळं करून फरक दिसत नव्हता. आठ दिवस झाले. कान तसेच पिवळे. तोंडासमोर वाटी ठेवायची, ती मान फिरवायची. आणि सासूबाई चहा आणि बिस्किटावर. बांगड्या कोपरापर्यंत मागे जायला लागल्या. बायको मला हळूच म्हणाली, 'अहो, हिचं काही बरंवाईट झालं तर आईचं...'  मी पुढचं बोलू दिलं नाही, मिक्सर सुरू केला.

आणि नेमकी रविवारी दुपारी नळी तुंबली. ठार. पाणी जाईना, येईना. दवाखाना बंद, डॉक्टर फोनवर. म्हणाली, 'घाबरू नका, कोमट पाणी घ्या, थोडं दाबा, थोडं मागे ओढा, जोर लावू नका. नाहीच निघालं तर उद्या नळी बदलावी लागेल, पण परत भूल देणं तिला या अवस्थेत झेपेल का, सांगता येत नाही.' बायको शेजारच्या गावी लग्नाला गेलेली. गुंडीला धरायला कोणी नाही. आणि धरल्याशिवाय हे काम होत नाही. मी हाक मारली, 'आई, जरा येता का?'  परत हाक मारली. आल्या. दारापर्यंत. म्हणाल्या, 'मला ती नळी बघवत नाही.' म्हटलं, नळीकडे बघू नका, तिच्याकडे बघा. नुसतं धरा.

बसल्या. धरलं. त्यांचे हात असे थरथरत होते, आणि गुंडी, जी मला ओरबाडते, ती त्यांच्या हातात गप्प. मी भिंग लावलं डोळ्याला. सवय हो. थोडं दाबा, थोडं ओढा. थोडं दाबा, थोडं ओढा. गंजलेला स्क्रू काढताना असंच असतं, घाई केली की संपलं. वीस मिनिटं गेली. आणि सासूबाई एकदम बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता. 'ह्यांनाही घातली होती. नाकातून. नर्स यायची, भरवायची, जायची. मी म्हटलं, मी भरवते, तर म्हणाली, आजी, तुमचे हात कापतात, तुम्ही बाहेर बसा. सतरा दिवस मी बाहेर बसले. नळी लागली की माणूस परत येत नाही, जावईबापू.'

  मी नळी बघत राहिलो. थोडं दाबा, थोडं ओढा. आणि चाळीसाव्या मिनिटाला, सांगतो तुम्हाला, बोटाला कळलं. एवढुसा, राईएवढा कण मागे आला सिरिंजमध्ये, आणि पाणी सर्रकन आत. गुंडीनं गिळलं. मी भिंग काढलं. डोळ्याला घाम आला होता, भिंगामुळे येतो. खाणं भरलं सिरिंजमध्ये आणि सासूबाईंच्या हातात दिली. 'अहो, माझे हात कापतात.' म्हटलं, कापू देत, खालून मी धरतो. तुम्ही दाबा. आणि त्यांनी दाबलं. पंधरा मिनिटांचं काम, आम्हाला अर्धा तास लागला. शेवटचं पाणी देताना त्यांनी आधी दोन थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघितले. 'कोमट आहे,' म्हणाल्या. मला म्हणाल्या बरं का. जसं काही मीच विचारत होतो इतके दिवस.

तेव्हापासून चारही वेळा दोघं. मी मिक्सर, मी गाळणी, वेगळी गाळणी, मी टॉवेल, त्या सिरिंज. आणि प्रत्येक वेळी चुका माझ्या. 'जावईबापू, जाड झालंय.' 'जावईबापू, तिची मान दुखेल.' मी म्हटलं, आई, मी घड्याळं... 'माहितीये, घड्याळं दुरुस्त करता. टॉवेल धरा.' कान हळूहळू उजळत गेले. पण तोंडानं खायचं नाव नाही. आणि सासूबाईंचंही बिस्किटावरून फार तर मऊ भाताच्या चार घासांपर्यंत.

मग कालचा दिवस. काल बाराचं भरवून झालं, सासूबाई आत पडल्या, मी हातबित धुऊन जेवायला बसलो. बायकोनं सकाळी जाताना माझ्यासाठी मासे करून ठेवलेले. दोन मोठे तुकडे, बिनकाट्याचे. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मिक्सरमधून न गेलेलं काहीतरी या घरात शिजलं होतं. भात वाढला, मासे वाढले, आणि पहिला घास घेणार तर खालून हाक. वकीलसाहेब. त्यांना फक्त गुंडीची चौकशी करायची होती. पाच मिनिटांत वर आलो, आणि दारातच थांबलो.

गुंडी टेबलावर. नळी मोज्यात खोचलेली. तोंड माझ्या ताटात. आणि खातेय. स्वतः. दातांनी. असा आवाज करत, की खालच्या गल्लीत ऐकू जावा. मी हललो नाही. हलक्या आवाजात म्हटलं, 'आई, बाहेर या, पण हळू.' त्या आल्या. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे. एक अख्खा तुकडा संपवला तिनं, मिशा पुसल्या, उतरली, खिडकीत जाऊन बसली. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग शांतपणे खुर्ची ओढली, बसल्या, ताटातला गुंडीच्या बाजूचा भात एका कडेला सारला, आणि विचारलं, 'हा दुसरा तुकडा कोणाचा?'

माझाच, असं अगदी ओठावर आलं होतं. इथे आल्यापासून त्या बाईनं पहिल्यांदा स्वतःहून जेवणाकडे हात केला होता. म्हटलं, तुमचाच. तर त्यांनी मासा खाल्ला, भात खाल्ला, परत भात मागितला, मी पातेल्यातला खरवडून वाढला, तोही खाल्ला. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर म्हणाली, फार छान, पण मसाल्याचं नका देऊ, आणि नळी अजून दोन आठवडे राहू द्या.

चार वाजता बायको शाळेतून आली. पर्स ठेवता ठेवता विचारते, 'काय हो, मासे कसे झाले होते?'

म्हटलं, वास फार चांगला होता.