बाबांच्या चार बिनमिठाच्या

नाही, पण तुम्हीच सांगा, बाराच्या बारा अंड्याच्या वाट्या सारख्याच पिवळ्या, सारख्याच फुगलेल्या, एका आईच्या पोटची बाळं असावीत अशा... त्यातल्या कुठल्या चारात मीठ नाही, हे माणसानं ओळखायचं कसं? काय म्हणालात, चाखून? मी चाखलं नसेल असं वाटतं तुम्हाला? तळाकडून चिमूट चिमूट काढून तीन चाखल्या! पहिली खारट, दुसरी खारट, तिसरीही खारट... पण ती खरंच खारट होती की पहिल्या दोघींचा खारटपणा जिभेवर राहिला होता, देव जाणे! आणि सगळ्यांचे तळ कुरतडून ठेवले असते तर घरातली माणसं काय म्हणाली असती, उंदीर झालेत? हेतू चांगला होता हो माझा! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकाल तेव्हा म्हणाल, हा माणूस सासऱ्याच्या जिवावर उठलाय.

पहिल्यापासून सांगतो. आमची ही एका मोठ्या लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे, सगळं तिच्या हाताखालून जातं. पाळी पहाटेची. म्हणजे सकाळी घरात उरलो कोण? मी, शाळेत जाणारी लेक आणि आमच्याकडेच राहणारे माझे सासरे. आता सकाळचा नाश्ता मी करायचा म्हटल्यावर काय होणार? रोज एक भांडं करपायचं, लेकीची बस सुटायची, आणि सासरे टेबलाशी हाताची घडी घालून बसलेले... हे सासरे म्हणजे, तुम्हाला सांगतो, बसमधले तिकीट तपासनीस! रिटायर होऊन जमाना झाला, पण नजर नाही रिटायर झाली. आजही माणसाकडे पायापासून वर बघत येतात, हा विनातिकीट चढलाय की काय, अशा नजरेनं. लग्न झालं त्या दिवशीही माझ्याकडे तसंच बघत होते.

तर लेकीनं मोबाइलवर एक बाई दाखवली. बाई कसली, उत्साहाचं कारंजं! "हॅलो फ्रेंड्स! सकाळची घाई नको वाटते ना? मग ह्या अंड्याच्या वाट्या रविवारी एकदा करा आणि आठवडाभर निश्चिंत राहा!" सोपं होतं हो. अंडी फेटायची, थोडं दूध, कांदा, ढोबळी मिरची, मिरपूड, मीठ, आणि तो केकचा खळग्याखळग्यांचा ट्रे असतो ना, त्यात ओतून ओव्हनमध्ये सारायचं. गार झाल्या की डब्यात, डबा फ्रिजमध्ये. सकाळी गरम करून एकेकाच्या पुढ्यात ठेवायची, संपलं. रविवारी एकदा करा, आठवडाभर निश्चिंत! मला ते 'निश्चिंत' इतकं आवडलं... त्या एका शब्दानं घात केला माझा.

आता मिठाची भानगड. गेल्या वर्षी सासरे बाथरूमच्या दारात कोसळले. ब्लडप्रेशर. डॉक्टर म्हणाले, "मीठ जरा कमी करा." हिनं ऐकलं, "मीठ बंद!" तेव्हापासून मिठाची बरणी कपाटावर, मला पाहिजे तर मी स्टूल घेऊन चढायचं. हसू नका. बापाला जमिनीवर पडलेलं बघितलंय तिनं. रोज जेवताना त्यांच्या ताटापाशी उभी राहते, ते घास घेतात तेव्हा हिचा चेहरा असा घाबरलेला असतो की मला बघवत नाही. आणि सासरे मान खाली घालून मुकाट गिळतात. वर्षभर तो माणूस जेवला नाही हो, नुसता डोस घेत होता.

म्हणून मी ठरवलं, बाबांच्या वाट्या वेगळ्या करू! तीन पातेल्यांत मिश्रण केलं. एकात मीठ नाही, ते बाबांचं. एकात तिखट नाही, ते लेकीचं. एक साधं, ते आम्हा नवरा-बायकोचं. प्रत्येकाच्या चार. आणि ओळखायचं कसं? अहो, मी पार्सल ऑफिसात कामाला आहे! आयुष्य गेलं माझं गठ्ठ्यांवर खुणा करण्यात. आमचे साहेब नव्या पोरांना सांगतात, "ह्यांच्या हातून गेलेलं पार्सल चुकीच्या घरी गेलं असेल तर मला आणून दाखवा." तर मी खुणा केल्या. बाबांच्या वाटीवर मटारचा एक दाणा, लेकीच्या वाटीवर टोमॅटोची चकती, आमच्यावर कोथिंबिरीचं पान. असा झोकात ट्रे आत सारला आणि लेकीला म्हटलं, "बघ, ह्याला म्हणतात व्यवस्था!"

आता मला सांगा, कच्च्या अंड्यात मटार बुडतो, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! मटार बुडाला. टोमॅटो बुडाला. कोथिंबीर करपून काळी झाली आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडाली. तरी मी घाबरलो नाही, कारण ओळी पाठ होत्या, पहिली ओळ बाबांची. पण वाट्या चिकटल्या होत्या ना! मग केकचं करतात तसा ट्रे उलटा केला, वरून एक थापटी मारली... आणि बाराच्या बारा धपाधप ताटात! गडगडल्या, एकमेकींत मिसळल्या. झाली व्यवस्था! त्या तीन चाखल्या, त्या तेव्हाच.

मी म्हणतो, त्याच क्षणी बोलायला काय झालं होतं मला? तोंडाला कुलूप होतं? पण नेमकी ही स्वयंपाकघरात आली. ताटाकडे बघितलं, तीन पातेल्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "अहो... बाबांसाठी वेगळ्या केल्यात?" डोळ्यांत पाणी! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कर्तबगारीनं हिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे आलंय, पण ते वेगळ्या कारणानं. मग तिनं विचारलं, "ह्यातल्या बाबांच्या कोणत्या?" आणि तुम्हाला सांगतो, माझा हात आपोआप वर झाला आणि बोट म्हणालं, "ह्या चार."

बोट म्हणालं हो! मी नाही! हेतू चांगला होता!

तिनं त्या चार निराळ्या डब्यात ठेवल्या, झाकणावर हात फिरवला, आणि माझी आठवडाभराची निश्चिंती सुरू झाली.

सोमवारी सकाळी सासऱ्यांपुढे वाटी ठेवली. पहिला घास घेतला आणि थांबले. पायापासून वर माझ्याकडे बघत आले. मी म्हटलं, पकडलं! पण त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी सावकाश, शेवटचा कण बोटानं टिपून संपवली, आणि म्हणाले, "जावईबापू, हाताला चव आहे हो तुमच्या!" पंधरा वर्षांत पहिलं कौतुक! मी हसलो, आणि माझी वाटी तोंडात घातली... अळणी. ठार अळणी! त्यांची बशी उचलताना एक चुरा चिकटला होता तो जिभेवर ठेवला. खारट! म्हणजे मी ह्या माणसाला... आणि तो माझं कौतुक करतोय!

मंगळवारी डाव टाकला. म्हटलं, "बाबा, आज टोस्ट घ्या ना, खरपूस भाजून देतो." तर त्यांनी फ्रिजमधला डबा काढून पोटाशी धरला. "माझ्या तीन राहिल्यात. मोजून ठेवल्यात मी." आता मोजणाऱ्या माणसाच्या डब्यात अदलाबदल करणार कशी? बरं, बदलायची तरी कशाशी? सकाळी लेक एक घास घेऊन "तिखऽट!" करत नळाखाली तोंड धरून उभी! कुठल्या पोटात काय गेलंय, माझं मलाच समजत नव्हतं. बुधवारी ही मावशीला फोनवर सांगत होती, "अगं, बाबा पोटभर खातायत! ह्यांनी इतकं जीव लावून केलं, बिनमिठाचं असून चव आहे." आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा मोकळी हसली. मी भिंतीकडे तोंड करून मोजे शोधत होतो. पायात होते.

ऑफिसात काय झालं विचारू नका. शिंप्याचं मशीन शाळेत गेलं आणि शाळेचे खडू शिंप्याकडे. साहेब चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही? तुमच्या हातून?" मी काय सांगणार, साहेब, माझी घरातलीच डिलिव्हरी चुकलीय? रोज संध्याकाळी दाराबाहेर थांबायचो. आधी कानोसा घ्यायचो. आतून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला की हुश्श! सासऱ्याच्या खोकल्यानं एवढा आनंद झालेला जावई तुम्ही बघितलाय कुठे?

शेवटी शनिवारी राहवेना. ही लॉन्ड्रीत, लेक मैत्रिणीकडे. चौथी वाटी गुरुवारीच संपली होती. मी सासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिलो, दंड भरायला उभं राहतात तसा, आणि एका दमात सगळं ओकलो. मटार, टोमॅटो, थापटी, बोट... सगळं. म्हटलं, "बाबा, तुम्ही चार दिवस मीठ खाल्लंत, आणि ते मी खायला घातलं. मला माफ करा. तुम्हाला काही झालं असतं तर मी हिला तोंड दाखवू शकलो नसतो."

त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "पहिल्या घासालाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"विनातिकीट माणूस पकडायला मी आता नोकरीवर आहे का?"

मग तेच खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझंही. माझा जीव मला सांभाळायला नको? पण तुम्हाला सांगतो, वर्षभर पोरगी माझ्या घासाकडे बघत उभी असते. अळणी लागतं म्हणायची सोय नाही, तिचा चेहरा उतरतो. आणि ह्या आठवड्यात मी पोटभर खातोय हे ऐकून ती हसली हो. तिच्या हसण्यापायी खाल्ल्या चारही. चवीपायी नाही... बरं, थोडी चवीपायी." आणि माझा हात धरला. "तिला सांगू नका. पुन्हा घाबरेल. पण उद्या माझ्या बिनमिठाच्याच करा. खरोखरच्या." म्हणजे झालं काय? आधी घरात एक गुन्हेगार होता, आता दोन झाले. त्यातला एक वयानं मोठा असल्यामुळे त्याला वाकून नमस्कार करून मी बाहेर आलो.

रविवार उजाडला. रविवारी ही सगळ्यांसमोर बाबांचं ब्लडप्रेशर मोजते. ते मशीन काढलं, पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला, मशीन घरघरायला लागलं. सासरे माझ्याकडे बघतायत, मी सासऱ्यांकडे. ह्या माणसाला काही झालेलं नसू दे, वाटलं तर माझी बढती गेली तरी चालेल, असं काय काय मी मनात बोलत होतो. पट्टा सैल झाला. ही वाकली. "बाबा, नेहमीचाच आकडा! उलट जरा कमीच आहे." अहो, मी खुर्चीत कोसळलोच! आनंदानं!

तिथंच चुकलं. आनंद सुद्धा माणसानं उभ्यानं करावा. हिनं वळून बघितलं. "अहो, असे घामाघूम का झालात? हात इकडे करा बघू." मी म्हणतोय नको, नको... पट्टा चढला. मशीन घरघरलं, घरघरलं, थांबेचना. हिनं दुसऱ्या दंडाला लावून पुन्हा बघितलं. मग तिचा तोच चेहरा झाला, बाथरूमच्या दारातला. "हे कधीपासून? बोलला नाहीत मला?"

कधीपासून? मागच्या रविवारपासून! बोटापासून! आठवडाभर जीव मुठीत धरून हिंडल्यावर माणसाचं प्रेशर वाढणार नाही तर काय भाव वाढणार? पण हे बोलणार कोणत्या तोंडानं?

"तुमचं मीठ आजपासून बंद," ही म्हणाली. मग डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला. "आणि त्यात काय एवढं? बिनमिठाच्या वाट्या तुम्ही इतक्या चवदार करता! आता सगळ्या एकाच पातेल्यातल्या करा."

केल्या. बाराच्या बारा बिनमिठाच्या. मटार नाही, टोमॅटो नाही, खूण लागतच नाही, पार्सल चुकायचा प्रश्नच मिटला. बघा विचार करून, मी हिला खरं सांगितलं तर माझं प्रेशर उतरेल, पण हिचं चढेल. नाही सांगितलं तर हिचं ठीक, माझं चढलेलं. मग काय करतो? गप्प बसतो आणि खातो. आता ही रोज पहाटे निघायच्या आधी पाच मिनिटं माझ्या बशीपाशी उभी राहते, त्याच चेहऱ्यानं. मी म्हणतो, "वा! झकास!" आणि गिळतो.

काल ती गेली, दार लागलं, तसे सासरे आपली वाटी संपवून माझ्याकडे बघायला लागले. ह्या वेळी पायापासून नाही, सरळ तोंडाकडे. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, पहिलं वर्ष जड जातं. मग माणूस निश्चिंत होतो."