दोन वाट्या साखर

सन्माननीय अध्यक्ष श्यामकांतराव, व्यासपीठावरच्या विभावरीताई, आजचे सत्कारमूर्ती प्रताप आणि यमुनावहिनी, आणि ब्योब्लिंगेन परिसरातून वेळात वेळ काढून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

यंदाचं हे माझं चौथं निरोपाचं भाषण. खरं सांगतो, थकलोय. कंपन्या विभाग बंद करतात, माणसं सामान बांधतात आणि मंडळ म्हणतं, श्रीरंग, तू बोल. बरं, बोलतो. पण आजचं भाषण मी आठ दिवस नुसता लिहितोय आणि खोडतोय.

प्रताप कष्टाळू, मनमिळाऊ, गणपतीच्या तयारीला सगळ्यांत आधी हजर, हे विभावरीताईंनी सांगितलंच. मी त्याच्या दुसऱ्या उद्योगाबद्दल बोलतो. ज्येष्ठांनी जरा कानाआड करावं. सात वर्षांपूर्वी मला घरच्या घरी बिअर करायचा नाद लागला, आणि तिच्या कृतींची मराठी वेबसाइट काढायचाही. कुणी सांगितलं होतं? आमची वीणा अजून विचारते. शनिवार-रविवार मी लॅपटॉपला चिकटलेला. नोंदणी केलेले वाचक एकतीस, त्यांतले नऊ मीच, चाचणीसाठी. हसा, हसा. पण प्रत्येक कृती खरोखर करून बघणारा माणूस एकच, प्रताप. कागद छापून घ्यायचा, फाइलला लावायचा आणि रविवारी फोन करायचा, "श्रीरंग्या, जमलीय रे!"

आल्झो, तर मुद्दा असा. बाटल्या भरताना बिअरमध्ये थोडी साखर घालतात, फेस यावा म्हणून. जास्त झाली तर बंद बाटली फुटते. इथले जर्मन लोक ती ग्रॅममध्ये मोजतात. माझा हट्ट असा की मराठी माणसाला वाटीच कळते. वीस लिटरला दोन वाट्या, लिहून मोकळा झालो! आमच्या घरची वाटी म्हणजे वीणाची चटणीची, इवलीशी. प्रतापकडची पाहिलीत कधी? अहो, सांगलीची माणसं, आमटी भुरकायची वाटी ती.

दहाव्या दिवशी त्याच्या घराच्या केलरमध्ये चाळीस बाटल्या एकामागून एक फुटल्या. नशीब, तळघरात तेव्हा कुणी नव्हतं. मालकीणबाई त्याच घरात वर राहायच्या, त्यांच्या जॅमच्या बरण्या तिथेच होत्या. त्यांनी सरळ घर सोडायची चिठ्ठी दिली. इथं घर मिळवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. यमुनावहिनी सात महिने घरं बघत फिरल्या, दिवस गेलेले असताना. शेवटी मिळालं ते पार पलीकडच्या गावात, तासाला एक बस.

प्रताप सगळ्यांना सांगत होता, "माझंच माप चुकलं." आपण त्याला 'बाटलीफोड्या' म्हणून चिडवलं. मीही चिडवलं. आणि बाटल्या फुटल्या त्याच संध्याकाळी मी साइटवरचं 'दोन वाट्या' काढून 'एकशे चाळीस ग्रॅम' केलं होतं. गुपचूप. त्याला पाच वर्षं झाली.

गेल्या शनिवारी सामान आवरताना प्रतापने ती फाइल माझ्या हातात दिली. "तुझ्याच कृती आहेत, ठेव." घरी येऊन उघडली. तो कागद होता. 'दोन वाट्या'खाली पेन्सिलीची रेघ आणि शेजारी त्याचं अक्षर: 'चूक श्रीरंगची. बोलायचं नाही. साइट बंद करून टाकेल.'

एकतीस वाचकांच्या साइटसाठी, प्रताप? तुझं घर गेलं रे! पाच वर्षं मी तुझ्याकडे जेवतोय, एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही, आणि माझ्याही नाही. तुझं ते प्रेम होतं. माझी नुसती भीती. लाज वाटते मला.

साइट मी बंद करणार नाही. आज सकाळी त्या कृतीखाली तारीख घालून लिहिलंय: 'दोन वाट्या ही चूक श्रीरंगची. प्रतापने कृतीत लिहिल्याप्रमाणेच केलं होतं.' मंडळातला तो 'बाटलीफोड्या' आजपासून बंद, किंवा मला म्हणा.

प्रताप, सांगलीला पोचलास की फोन कर. रविवारीच कर.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सगळ्यांनी पोटात घालावं. त्या सात महिन्यांचं मात्र कुणी परस्पर पोटात घालू नका, ते यमुनावहिनींनी ठरवायचं. वहिनी, माझी खुर्ची तुमच्या शेजारीच आहे. मी आता येऊन बसतो. तुम्ही उठून गेलात तरी चालेल.