नातीची गोधडी

काय झालं सांगतो. रविवारी नातीचं बारसं, आणि मी शिवायला घेतलेली गोधडी अर्धीच होती. शिवणाच्या खोलीत पसारा आहे म्हणून मन लागत नाही, असं मी बायकोला सांगितलं आणि दोन दिवस खोलीच आवरली. कापडाचे तुकडेसुद्धा रंगांप्रमाणे लावले. तरी शिवायला बसेना.

बायको दारात येऊन म्हणाली, "आता कशाची वाट बघताय?"

"टाके वाकडे येतात गं. विहीणबाई काय म्हणतील?"

"त्या झोपणार आहेत का गोधडीवर?"

"नाही, नात झोपणार."

"मग ती पहिल्याच दिवशी ओली करणार. टाके कोण बघतंय?"

नातीइतका सोयीचा परीक्षक मला पीएचडीलाही मिळाला नव्हता. मी सुई ओवली.