जांभूळचा डबा, दिवस मावळायच्या आत

—नाही, नाही, गिरधरभाऊ, कच्चं म्हणजे कच्चंच! उकडायचं नाही, मीठ नाही, हळद नाही, आणि रात्रीची उरलेली कळण्याची भाकर तर मुळीच नाही — हसू नका, याला घेऊन एरंडोलला पोचलात की तुम्ही तेच करणार, मला दिसतंय ना तुमच्या चेहऱ्यावर. बसा नीट. चावत नाही तो, चाटतो फक्त. दारातच विचारलंत, ‘हाई काय शे?’ — कुत्रा आहे! बिनकेसांचा कुत्रा! खरूज नाही, कोणी गरम पाणी ओतलेलं नाही, सगळं जळगाव मला हेच विचारतं. जातच अशी आहे, मेक्सिकोची. मुंबईला मामांचे शेजारी बोटीवर होते, ते कायमचे परदेशी गेले आणि मामांनी दिवाळीत हा आमच्याकडे आणून सोडला. हात लावा. लावा हो! गरम आहे ना? गरम पाण्याची पिशवी जशी! जांभूळ नाव मी ठेवलं. खोबरेल लावलं की बघा कसा चमकतो — आणि खोबरेल तुम्हाला लावावंच लागेल, कापसाच्या वावरात भर उन्हात सोडलात तर संध्याकाळी पापडासारखा भाजून निघेल. राखण? हा आणि राखण? चोराचे पाय चाटेल, मग त्याच्याच मांडीवर झोपेल!

तर आहार. आहार महत्त्वाचा. मी बी.एस्सी. झालेय ना, झूलॉजी घेऊन, म्हणून सांगते — कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचलंय सगळं. या जातीला केस नाहीत तसे काही दातही नाहीत, उघडून दाखवू तोंड? बघा, मागे मोकळं मैदान! म्हणून मोठं हाडूक द्यायचं नाही. बोकडाच्या मानेचा भाग घ्यायचा, खाटकाला सांगायचं हाडासकट बारीक कर, आणि कच्चंच घालायचं — शिजवलेलं हाड फुटतं आणि आतड्यात टोचतं, कच्चं तसं फुटत नाही. कलेजी थोडीशीच. एखादं अंडं. वरून किसलेलं गाजर, पिकली पपई. कांदा कधीच नाही, द्राक्षं नाहीत. हे बघा, आजचाच डबा आहे, उघडून दाखवते म्हणजे अंदाज येईल — अहो, तोंड का फिरवलंत? वास आला? ताजं आहे! बरं, झाकते. पाणी घ्या.

आला तेव्हा काय हाल होते त्याचे! पाठीवर काळ्या पुटकुळ्या, दिवसभर भिंतीला अंग घासायचा. का? तर घरात तूप-खिचडी, खिचडी-तूप, सणाला लापशी. आमचं घर तुम्हाला माहीतच आहे, पप्पांची सरकीची पेढी, केवलचंदशेठ म्हणजे मंदिराच्या कामात पहिले. इथे मटण सोडा, गाजर येत नाही — जमिनीखाली वाढलेलं आम्ही खात नाही ना! म्हणजे माझ्या डब्यात मटणाइतकाच गाजराचाही गुन्हा, कळलं? पण मी म्हणते, ज्याला देवाने मांस खाणारं पोट दिलं त्याला खिचडीवर कुढवायचं, ही हिंसा नाही? आहे! मी पप्पांशी हेच भांडले असते — भांडले नाही, कारण सांगितलंच नाही. ओढणीने तोंड झाकून गेले खाटकाकडे. आणि गाढवासारखी याला बरोबर घेऊन गेले! तोंड झाकून काय उपयोग? अख्ख्या जळगावात असा कुत्रा एकच! खाटीक लगेच म्हणाला, ‘या शेठजींच्या ताई!’ — मी हसून हसून तिथेच खाली बसले. मग रोज मागच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांआड, पेपर पसरून... आणि पाठ बघा आता! एक पुटकुळी दाखवा. दाखवाच!

दादीसा? त्या तर याच्या वेड्या आहेत. म्हणजे — नाहीत. म्हणायच्या नाहीत त्या. पण हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरतात ना, तेव्हा हाच त्यांच्या गुडघ्यांवर. आपल्या जुन्या पांढऱ्या साडीचा अंगरखा शिवलाय त्याला, उन्हासाठी. म्हणतात, ‘याने मागच्या जन्मी दीक्षा घेतली असणार, केस उपटून झालेत, नुसता मोक्ष राहिलाय.’ पाणी उकळून गार केलेलंच पाजतात, स्वतः पितात तसं. आणि दिवस मावळला की आमच्याकडे कोणी काही खात नाही, तर यालाही नाही! बिस्कीट दाखवलं तरी ओरडतात. त्यांना काय ठाऊक, की साधुमहाराज दुपारी गोदामात...

ठाऊक झालं. सोमवारी. याला अंगरखा घालायला शोधत आल्या, पोतं बाजूला केलं आणि बघितलं. मी, डबा, हा जिभल्या चाटतोय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सरळ न्हाणीघरात गेल्या. अंघोळ केली, उपास धरला. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही, याला हाक नाही. हा जाऊन त्यांच्या दाराशी बसतो आणि दार बंद. उद्यापासून पर्युषण — पप्पा म्हणाले, बाई हो म्हणाली तर राहील, नाहीतर आजच जाईल. बाई म्हणजे त्यांची आई, दादीसा. मी विचारलंच नाही. काय विचारू? म्हणून तुम्हाला निरोप धाडला, म्हटलं शेतकऱ्याचं घर, मोकळं खाणं-पिणं... मी रडत नाहीये, हसतेय. याने कान चाटला, गुदगुल्या होतात.

थांबा. सदऱ्याच्या गळ्यात काय आहे ते? वरचं बटण उघडा बरं — माळ! तुळशीची! गिरधरभाऊ! तुम्ही माळकरी? केव्हापासून? आजोबांपासून? आणि मी केव्हाची कलेजी दाखवतेय, तुम्ही गुपचूप पाणी पिताय! अहो, बोलायचं ना! म्हणजे जैनाच्या घरातून काढून मी याला... अरे देवा, पोट दुखायला लागलं हसून! ‘घालू ना ताई दूधभाकर’ काय! नाही, तुम्ही घालाल हो प्रेमाने, पण याच्या पाठीचं—

श्श. दार वाजलं. दादीसांचं.

ऐका. गप्प बसा, ऐका काय म्हणताहेत... ‘पोरी, तो गोदामातला डबा कुठाय? दिवस मावळतोय. खाऊ घाल त्याला लवकर, तिकडे मागेच. उद्यापासून आठ दिवस तो माझी खिचडी खाईल.’

उद्यापासून म्हणाल्या. ऐकलंत? उद्यापासून!

आले, दादीसा! — उठा, गिरधरभाऊ, उठा, बस मिळेल अजून. तो डबा द्या इकडे. ऊन भिंतीवर चढलंय. जा ना!