यांच्या नावाची वाइन

…आणि वर तो बोटीवरचा वाइनवाला मला विचारतो, "मॅडम, कालचीच आणू?" आता तुम्हीच सांगा, जिनं जन्मात वाइनचा थेंब चाखला नव्हता त्या बाईनं या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? कालची म्हणजे काय, फोडणी देऊन संपवायची भाजी आहे का ती? पण नाही, बोटीवर पद्धतच तशी असते म्हणे. बाटली संपली नाही की ते बूच लावून ठेवतात, तिच्या गळ्यात तुमच्या खोलीचा नंबर अडकवतात, आणि दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात की बाटली आपली हजर, पाळलेल्या मांजरासारखी. त्यातून आमची तर नुसती उघडलेली. गळ्यापर्यंत भरलेली जायची आणि गळ्यापर्यंत भरलेली यायची. बरं, नको म्हणावं, तर म्हणवत नव्हतं. आधीच घेऊन ठेवलं होतं ना यांनी.

तुम्हाला सांगते, आमच्या यांना आधीच घेऊन ठेवायचा नादच होता. उन्हाळ्यात छत्री घेतील, थंडी सरली की स्वेटर घेतील, टूथपेस्ट घेतील तर अशी की माळ्यावरून काढायला शिडी लागावी. मी म्हणायची, अहो, एवढी कशाला? तर म्हणायचे, "आधी घेतलं की नंतर वापरताना फुकट वाटतं." चष्म्याचं दुकान होतं आमचं. दिवसभर लोकांना जवळचं आणि लांबचं दाखवायचे, आणि स्वतः बघायचे फक्त लांबचं. तर दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा म्हणाले, आता आपण बोटीनं जायचं, आठवडाभर. मी म्हटलं, बरं. तर हे इथवर थांबले का? तिकिटं काढली ती काढली, वर वाइनचं पॅकेजही घेऊन टाकलं! दोघांचं. रोज रात्री जेवणाबरोबर एक बाटली. अहो, पण पिणार कोण? चष्म्याच्या काचांच्या कंपनीनं एकदा जेवण दिलं होतं तिथे अर्धा ग्लास प्यायले होते, एवढाच काय तो अनुभव, आणि घरी येऊन म्हणाले होते, घशाला बरी वाटते. मी म्हटलं, घशाला बरं वाटायला गुळण्या करा की. तर हसले नुसते. "अगं, बोटीवर बसल्यावर प्यावीशी वाटली तर? मग तिथे महाग पडतं."

आणि मग त्याच महिन्यात एका दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाचा नंबर काढत होते. त्याला म्हणाले, एक डोळा झाका आणि आता खालची ओळ वाचा. तो बिचारा झाकून वाचत राहिला. खालची वाचली, तिच्या खालची वाचली, पार शेवटची बारीक अक्षरंसुद्धा वाचून झाली, तरी कुणी काही बोलेना तेव्हा त्यानं हात काढून बघितलं. सगळं बरोबर वाचलं होतं म्हणे त्यानं. भेटायला आला तेव्हा हेच पुन्हा पुन्हा सांगत होता.

तर ते असो.

बोटीच्या तिकिटांचं मी विसरूनही गेले होते, पण कंपनीची मुलगी कुठे विसरते? फोन आला. असा गोड आवाज, जणू आपली भाचीच. "मॅडम, तयारी झाली का? सर काय म्हणतात?" मी म्हटलं, सरांना जमत नाहीये. का जमत नाहीये ते नाही सांगितलं. कसं सांगणार? तुम्हाला खोटं वाटेल, पण ते एक वाक्य माझ्या तोंडून तोवर निघालंच नव्हतं. सगळ्यांना फोन वन्संनी केले. दारात येईल त्याला वन्संनी सांगितलं. वाण्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे त्याच बोलल्या, मी आपली शेजारी उभी. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, लग्न केलं नाही, आणि आवाज असा की अजून रस्त्यात कुणाला हाक मारली तर चार अनोळखी बायका चपापून थांबतात. तर ती मुलगी म्हणाली, "काही हरकत नाही मॅडम, सरांच्या जागी दुसरं कुणी येऊ शकतं, तिकिटावरचं नाव बदलून मिळेल. फक्त वाइनचं पॅकेज बदलता येत नाही, ते सरांच्याच नावावर राहील." मी म्हटलं, राहू दे. खरं सांगू? मला बरंच वाटलं. बाकी सगळीकडून नाव काढायचंच काम चाललं होतं.

मग वन्संना घेऊन गेले. मूलबाळ नाही आम्हाला, दुसरं कोण येणार? वन्सं म्हणाल्या, "येईन. पण त्या बाटलीला मी हात लावायची नाही. नासलेला द्राक्षाचा रस तो." म्हटलं, नका लावू.

पहिल्या संध्याकाळी जेवायला गेलो. हा एवढा मोठा जेवणाचा हॉल, खाली गालिचा, आणि एकेका माणसासमोर इतके काटे-चमचे की वाटावं आता ऑपरेशनच करायचंय. आमच्याच टेबलावर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. तेवढ्यात तो वाइनवाला आला. काळा कोट, हातावर पांढरा रुमाल, चालणं असं की जणू बाळाला झोपवतोय. बाटली दाखवली, बूच काढलं, आणि बघतो तर काय, पहिला ग्लास धरायचा कुणापुढे? म्हणाला, "साहेब कुठे आहेत? पहिला घोट त्यांनी घ्यायचा. पॅकेज त्यांच्या नावावर आहे ना, त्यांनी मान हलवली की मग आम्ही ओततो." आणि हसून उभा राहिला. डॉक्टर बघताहेत, डॉक्टरीणबाई बघताहेत. मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि शाळेत परिपत्रक वाचून दाखवावं तसं म्हणाल्या, "त्याला बरं नाही. पोट बिघडलंय. खोलीत झोपलाय."

झालं!

म्हणजे बघा, ज्या बाईनं आयुष्यभर मुलींना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं तिनं हे ठोकून दिलं. खोलीत आल्यावर मी म्हटलं, वन्सं, हे काय केलंत? तर म्हणाल्या, "तू बोलणार होतीस का?" मी आपली पलंगावरची चादर सरळ करायला लागले. "मग? एका रात्रीचा प्रश्न आहे. उद्या विसरतील."

विसरतील? अहो, दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं, तर वाइनवाल्यानं साहेबांसाठी आलं घातलेली बिस्किटं आणि हिरवं सफरचंद पाठवलेलं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला गॅलरीत गाठून मळमळ थांबायला मनगटावर कुठे दाबायचं ते दाखवलं. "आमच्या यांचंही असंच. हॉटेलात कायम पोट. आणि औषध घ्या म्हटलं की चिडतात." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हेही चिडतात." आता ते खोटं होतं का? चिडायचेच की. ताप आला तरी थर्मामीटर लपवून ठेवायचे. ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या यांचं सांगितलं. मग मी सांगितलं की आजारी पडले की यांना भिंतीकडे तोंड करून झोपायचं असतं आणि कुणी विचारपूस केली तर राग येतो आणि नाही केली तर जास्त राग येतो. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. वर्ष व्हायला आलं होतं, माझ्याशी कुणी यांच्याबद्दल असं बोललंच नव्हतं. लोक आपले "फार भला माणूस होता" म्हणायचे, नाहीतर विषय बदलायचे. भला होता हो. पण चिडकाही होता की नाही?

मग काय, मी सुटलेच. संध्याकाळी वाइनवाला म्हणाला, "साहेब कसे आहेत? कालचीच आणू?" मी म्हटलं, आज सूप प्यायले थोडं. मीठ कमी आहे म्हणाले. वन्संनी टेबलाखालून अशी लाथ मारली. पण मी काय करू? कुणीतरी विचारत होतं, कसे आहेत. वर्तमानकाळात विचारत होतं. आणि ती भरलेली बाटली आपली समोर. वाइनवाला म्हणे, "उद्या नक्की येतील, मग नवी उघडू." मी म्हटलं, हो, येतील की. आधीच घेऊन ठेवलं होतं ना यांनी, वाया कसं जाऊ देतील?

पण एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. बोटीवर तुम्ही काहीही बिघडवा, पोट बिघडवायचं नाही. जमिनीवर एकाचं पोट बिघडलं तर एकाचं बिघडतं. बोटीवर एकाचं बिघडलं की त्यांना सगळ्या बोटीचं दिसायला लागतं. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर नर्स, तोंडाला मास्क, हातमोजे, मागे एक जण पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. नर्स आत आली, दोन पलंगांकडे बघितलं, वन्संच्या पलंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, न्हाणीघरात डोकावली, अगदी कपाटसुद्धा उघडलं. म्हणाली, "पेशंट कुठे आहेत? खोलीत दोन बायकांचीच नोंद आहे, आणि वाइनवाला सांगतोय की साहेब तीन दिवस आजारी आहेत."

मी वन्संकडे बघितलं. वाटलं, बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही. पण मग मिटलं आणि खिडकीकडे बघायला लागल्या. पडद्याची कड मुठीत घट्ट धरलेली. तेव्हा मला कळलं की अरे, इतके दिवस ह्याच सांगत होत्या सगळ्यांना, आणि भाऊ तर त्यांचा होता.

मग मीच सांगितलं. म्हटलं, ते वारले. दुकानात, दुपारी. वर्ष होईल आता.

एवढंच तर होतं. एवढंसं वाक्य. त्या पंपवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली.

नर्स भली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवला, हातमोज्यासकट. पण नर्स ती नर्सच. जरा वेळानं म्हणते, "मला फार वाईट वाटलं. पण मग पोट कुणाचं बिघडलंय?"

आता मला सांगा, याचं सरळ उत्तर काय होतं? कुणाचंच नाही, आम्ही खोटं बोललो. पण मुख्याध्यापिका आणि खोटं बोललो म्हणून कबूल करणार? वन्संनी मान ताठ केली आणि म्हणाल्या, "माझं."

झाली की नाही पंचाईत? दोघींना खोलीबाहेर पडायला बंदी. उरलेला सगळा प्रवास. अख्खा समुद्र बाहेर, आणि आम्ही एका खिडकीतून आळीपाळीनं बघतोय. वन्संना तीन वेळा पातळ भात आणि मला त्यांच्यासमोर बसून पाच पदार्थ. वन्सं ठणठणीत, भूक अशी की काय सांगू, आणि माझ्या ताटातलं चोरून खाताहेत. मी म्हटलं, वन्सं, सांगून टाका ना खरं. तर म्हणाल्या, "आता बोलले ते बोलले."

आणि त्या संध्याकाळी वाइनवाला दारात आला. त्याला नर्सनं सांगितलं असावं. मला वाटलं, आता नियम सांगणार, पॅकेज रद्द, साहेब नाहीत तर बाटली नाही. हरकत नव्हती, मी मनाची तयारी केली होती. त्यानंही मास्क लावलेला, हातावर तोच रुमाल. "कालचीच आणू?" असं नाही विचारलं त्यानं. नवी बाटली होती. बूच काढलं, ग्लासात जेमतेम घोटभर ओतली, ग्लास माझ्याकडे केला, आणि उभा राहिला. कशासाठी उभा आहे ते मला आधी कळेना. मग कळलं. पहिला घोट.

घेतला. आंबट, तुरट, घशात अडकणारी. यांना यात काय बरं वाटलं होतं देव जाणे. मी मान हलवली. मग त्यानं ग्लास भरला.

तो गेल्यावर वन्संनी दात घासायचा पेला विसळून पुढे केला. मी म्हटलं, अहो, तुमचं पोट बिघडलंय ना? म्हणाल्या, "ओत गुमान." प्यायल्या, तोंड वेडंवाकडं केलं, परत पेला पुढे. तो भरल्यावर म्हणाल्या, "लहानपणी त्याला झोपाळ्यावर बसवलं तरी उलटी व्हायची. बोट तर त्याला लागलीच असती बघ. खरंच खोलीत झोपून राहिला असता आठवडाभर." आणि अशा हसायला लागल्या, अशा हसायला लागल्या, की डोळे पुसायला मला टॉवेल आणून द्यावा लागला. मग मलाही लागला. त्याच टॉवेलात दोघी.

मला एकच वाटत राहतं… यांनी एवढं सगळं आधी घेऊन ठेवलं, छत्र्या, स्वेटर, वाइन, तर एकदा आधी निघायला काय झालं होतं? दुकान दोन वर्षं आधी बंद केलं असतं तर? दोघं गेलो असतो, हे खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले असते, मी चिडले असते, भांडलो असतो. मस्त भांडलो असतो हो.

तर परत आल्यावर परवा त्या कंपनीच्या मुलीचा फोन. "मॅडम, पुढच्या वर्षीचं बुकिंग सुरू झालंय. या वेळी तरी सरांना जमेल ना?" मी म्हटलं, नाही बाळ, ते वारले. किती सहज निघालं! ती अवघडली. सॉरी मॅडम, सॉरी मॅडम. आणि मग शिकवलेलं असतं ना त्यांना, जरा थांबून हळूच म्हणाली, "मग मॅडम… दोघी जाणार असाल तर करू का आताच?"

मी म्हटलं, कर. पण या वेळी नुसत्या पाण्याच्या बाटल्यांचं पॅकेज असेल तर ते घाल. शेजारी वन्सं बसल्या होत्या, म्हणाल्या, "छे, बोटीवरचं पाणी बाधतं मला. वाइनचंच घाल." म्हटलं, बरं. मुलगी विचारते, "नाव कुणाचं घालू मॅडम? नंतर बदलता येणार नाही."

मी वन्संकडे बघितलं. वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांच्या त्या शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "माझं घाल. मी इतक्यात कुठे जात नाही."

घातलंय. त्यांच्यापुढे कोण बोलणार…