काळवंडलेला चंद्र

कांपन गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आल्ट्ये आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर फेरीबोट चालवणारा बेरेंड आणि त्याची बायको येंटे यांची दबक्या आवाजात जुंपली होती.

“चार महिने तेच एक चित्र! चंद्र तेवढा झकास होता, तोही काळा करून ठेवलास.”

“काळा नाही गं. डोळ्यांत घुसत होता, म्हणून जरा मंद केला.”

“जरा? रात्रीची नदी काढलीस की डांबराचं पिंप सांडलंस? पाण्यावरची ती रुपेरी पट्टी कुठे गेली?”

“आहे की. पुलाच्या डावीकडे.”

“तिथे मी रोज फडकं मारते, बेरेंड. काहीही नाहीये तिथे.”

“तुला चित्रातलं काय कळतं?”

“दिवे कळतात. काठावरच्या प्रत्येक दिव्याभोवती चाकाएवढं कडं काढलंयस.”

“रात्री दिवे तसेच दिसतात.”

“कुणाला? मला तर नाही दिसत! आणि तू रोज संध्याकाळी चाळीस माणसं पलीकडे नेतोस.”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! त्यातलं कुणी तुझ्याच बोटीत बसत असेल.”

आल्ट्ये रोजच बसायची. तिने मासिकात डोकं खुपसलं.

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. “या बेरेंड. काय त्रास होतोय?”

“काही नाही. बायकोनं धरून आणलंय.”

येंटेने कपाळावर हात मारून घेतला.

बेरेंड दारापर्यंत गेला आणि तिथेच टोपी चुरगाळत उभा राहिला.

“अंधार पडला ना,” तो नर्सला म्हणाला, “की मला पलीकडचा धक्का दिसत नाही हो.”